गणिताच्या तासाची बाग

गुरुजी,

माझ्या घरासमोर पाच-सहा पावलं रुंदीचा मातीचा एक तुकडा आहे. दिवाळी झाल्यावर मी तिथे वांगी, टोमॅटो आणि मेथी लावली, आणि लावताना सबंध वेळ मी तुमच्यावर चिडलेली होते. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मेलेल्या माणसावर चिडून काय मिळतं, असं माझी मुलगी म्हणते. काही मिळत नसेल. पण तुम्ही जिवंत होतात तेव्हा मी तुमच्यासमोर मान खाली घालून उभी राहायचे, त्यामुळे चिडायचं राहूनच गेलं. ते आता करते आहे. साठी जवळ आली, नोकरी संपली, आता कुणाला भ्यायचं?

नावाने मी तुम्हाला आठवणार नाही. गंगापूर धरणाच्या रस्त्यावरच्या त्या गावातली, बौद्धवाड्यातली, पाचवी ते सातवी तुमच्या वर्गात होते ती. बागेतली मुलगी म्हटलं की लगेच आठवेल. तुम्ही आलात तेव्हा शाळेत बाग होती, पण ती कडुनिंबाखाली होती आणि तिथे काही जगत नव्हतं. तुम्ही पहिल्याच आठवड्यात सगळ्या वर्गाला मागच्या उघड्या पटांगणात नेलंत. म्हणालात, माती आणता येते, खत आणता येतं, ऊन काही आणता येत नाही, ते जिथे असेल तिथे आपण जायचं. मग दिवसभर दर तासाला आम्हाला बाहेर पाठवलंत. शाळेच्या भिंतीची सावली जिथे संपेल तिथे एक खडा ठेवायचा. संध्याकाळी खड्यांच्या पलीकडे जी जागा उरली ती आमची बाग. मला तो दिवस इतका आवडला होता, गुरुजी, की घरी जाऊन मी आमच्या झोपडीच्या सावलीलाही खडे लावले होते. आई मजुरीहून आली आणि तिचा पाय खड्यावर पडला तेव्हा मी शिव्या खाल्ल्या.

पाणी घालायच्या पाळ्या तुम्ही कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या होत्या. कागदावर सगळ्यांची नावं होती. महिन्याभरात पाळी आम्हा तिघांवरच आली, मी आणि आमच्याच वाड्यातली दोन मुलं. कुणी तसा नियम केला नव्हता. पाटलाच्या मुलाचे कपडे खराब व्हायचे, दुकानदाराच्या मुलीला सर्दी व्हायची, आणि तुम्ही वर्गावर नजर फिरवून आमच्याकडे बघायचात. बघितलंत की आम्ही उठायचो. पाणी सकाळीच घालावं लागतं, ऊन तापायच्या आत, हे तुम्हीच शिकवलंत आणि ते खरंच आहे. आणि गणिताचा तासही सकाळीच असायचा, प्रार्थना झाल्या झाल्या, डोकी ताजी असतात म्हणून. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी येतात हे तुम्हाला तीन वर्षांत एकदाही खटकलं नाही?

मी हौदातून बादली भरते आहे आणि खिडकीतून वर्गाचा आवाज येतो आहे. एक पाव पाव, बे पाव अर्धा, तीन पाव पाऊण. मीही बाहेरून त्यांच्याबरोबर म्हणते आहे, वाफ्यातलं तण काढता काढता. पावकी-निमकी मला आजही पाठ आहे. पण फळ्यावर काय लिहिलंय ते खिडकीतून दिसायचं नाही. रेघेच्या वर एक आकडा आणि खाली एक आकडा, आणि ते दोघं मिळून एकच संख्या असते, हे मला कुणी दाखवलंच नाही. अपूर्णांक आले तेव्हा आम्ही कोबीची रोपं लावत होतो. दशांश आले तेव्हा टोमॅटोला काठ्या बांधत होतो. तुम्ही भिंतीची सावली मोजायला लावली होतीत ना, तेही गणितच होतं. निदान तेवढं तरी सांगायचं होतंत. वाफा पाच हात लांब आणि दोन हात रुंद आखताना ह्याला क्षेत्रफळ म्हणतात, इतकं एक वाक्य बोलायला तुम्हाला किती वेळ लागला असता?

सहावीत एकदा मी उठले नाही. तुम्ही बघितलंत, ती दोन्ही मुलं उठून गेली, मी वही उघडून बसून राहिले. तुम्ही जवळ आलात. रागावला नव्हतात, तुम्ही आम्हाला कधी हातही लावला नाहीत, हे मी मान्य करते. म्हणालात, "अगं, रोपं माना टाकतील."

मी म्हटलं, "गुरुजी, मला गणित शिकायचंय."

तुम्ही हसलात. अगदी मायेने हसलात, आणि म्हणून ते इतकी वर्षं गेलं नाही. "तुला कशाला गणित? माती ओळखते तुझ्या हाताला. ज्याला जे येतं त्याने ते करावं." वर्ग हसला. मी वही मिटली आणि उठले. मी का उठले हे मी स्वतःला आयुष्यभर विचारत आले आहे. अकरा वर्षांच्या मुलीने दुसरं काय करायला हवं होतं, ते आता तुम्ही सांगा.

त्या बागेमुळे शाळेला बक्षीस मिळालं, सुंदर शाळा म्हणून. तालुक्याहून साहेब आले, त्यांनी फ्लॉवरचा गड्डा हातात धरून फोटो काढला. सातवीच्या सव्वीस जानेवारीला तुम्ही आमचा सत्कार केलात. पहिल्या आलेल्या मुलाला कंपासपेटी, दुसऱ्याला शब्दकोश. मग माझं नाव पुकारलंत आणि मी जवळजवळ धावतच पुढे गेले, कारण मलाही कंपासपेटीच मिळणार असं मला वाटलं होतं. तुम्ही मला खुरपं दिलंत. नवं कोरं, मुठीला तेलपाणी केलेलं, त्यावर लाल फीत बांधलेली. टाळ्या वाजल्या. तुमचा चेहरा आनंदाने फुलला होता. नाशिकला स्वतः जाऊन आणलं होतंत ते, मला माहीत आहे.

घरी आईने ते खुरपं हातात घेतलं आणि उलटंसुलटं करून बघितलं. ती दिवसभर लोकांच्या टोमॅटोत निंदायला जायची. तिची बोटं उन्हाळ्यातसुद्धा भेगाळलेली असायची. तिने मला एकच विचारलं, बाकीच्यांना काय दिलं? मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून ती माझ्याबरोबर शाळेत आली. शाळेच्या पायरीच्या वर ती त्याआधी कधी चढली नव्हती. त्या दिवशी सरळ तुमच्या टेबलापर्यंत गेली आणि फितीसकट खुरपं टेबलावर ठेवलं.

"गुर्जी," ती म्हणाली, "खुरपी आमच्या घरात तीन हायेत. चौथं नको. हिला तुमी वर्गात बसवा."

तुम्ही कसनुसे झालात. म्हणालात, मी तुमच्या मुलीचा गौरव केला आणि तुम्ही असं करता? तिचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "माझा तर रोजच गौरव हुतो, गुर्जी. हिचा नगं." आणि गेली. वर्गातला एकही मुलगा हसला नाही. तुम्ही खुरपं खणात टाकलंत आणि मला शेवटच्या रांगेत जागा दिलीत.

आता जे सांगणार आहे त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. तेव्हा फेब्रुवारी लागत होता. वर्ग शेकडेवारीपर्यंत पोचला होता आणि मला रेघेच्या वरचा आणि खालचा आकडा कशासाठी असतो हेच कळत नव्हतं. तुम्ही मला कधी फळ्यापाशी बोलावलं नाहीत, मागचं काही सांगितलं नाहीत, वहीही बघितली नाहीत. तुम्हाला आईचा अपमान गिळता आला नव्हता, तो तुम्ही माझ्यावर काढलात, तोही न बोलता. मी पंधरा दिवस बसले. फळ्याकडे बघून डोळे दुखायचे. मग एका सकाळी, कुणी न सांगता, मी आपणहून उठले आणि बागेत गेले. तिथे निदान मला सगळं कळत होतं. खिडकीतून तुम्ही मला बघितलंत, आणि मान डोलावलीत. आईला मी हे कधीच सांगितलं नाही. तिला शेवटपर्यंत वाटत होतं की तिने मला वर्गात बसवलं.

पुढचं थोडक्यात लिहिते, कारण त्यात तुम्ही नव्हतात, फक्त तुमचं काम होतं. नाशिकच्या हायस्कुलात दहावीला मी गणितात नापास झाले. मराठीत, इतिहासात वर्गात वरची, आणि गणितात नापास. दुसऱ्यांदा नापास. तिसऱ्यांदा कशीबशी सुटले. आईला मला नर्स करायचं होतं, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पांढऱ्या कपड्यात बघायचं होतं. ते त्या नापासाच्या वर्षांबरोबर गेलं. मी एका सरकारी कचेरीत लागले आणि आवक-जावकच्या टेबलावर सगळी नोकरी काढली. वरच्या जागेसाठी खात्याची परीक्षा असायची, त्यात हिशोबाचा एक पेपर. माझ्यामागून आलेली पोरं तो देऊन वर गेली. मी अर्जच भरला नाही. साहेब विचारायचे, तुम्ही का बसत नाही? मी म्हणायचे, घरचं होत नाही सर. असं किती वर्षं बोलले.

आणि मग तुम्ही मला नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्टँडवर भेटलात. तुम्ही निवृत्त झाला होतात, बरोबर तुमच्या वयाचे कुणी गृहस्थ होते. तुम्हीच मला ओळखलंत. "अगं तू! बागेतली!" त्या गृहस्थांना अभिमानाने सांगितलंत, हिच्या हातचं रोप कधी मेलं नाही. मग मला विचारलंत, घरी मोठी बाग केली असशील ना? मी म्हटलं, नाही, एक कुंडीसुद्धा नाही. तुमचा चेहरा उतरला. खरंच वाईट वाटलं तुम्हाला. म्हणालात, "वाया घालवलंस गं."

वाया घालवलंस. मी घालवलं. आणि गुरुजी, हे ऐकल्यावर मी काय केलं माहीत आहे? वाकून तुमच्या पाया पडले. बसस्टँडवर, कचेरीची साडी नेसलेली, चाळिशीची बाई. तुम्ही डोक्यावर हात ठेवलात. ती बस मी सोडून दिली, मला कुणाच्या शेजारी बसवेना.

त्याच वर्षी आम्ही पाथर्डी फाट्याच्या बाजूला हे छोटं घर घेतलं. दक्षिणेला तोंड, पुढे मोकळी माती, हिवाळ्यातसुद्धा सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत ऊन. घर बघायला आले त्या दिवशीच माझ्या डोळ्यांनी ते हेरलं होतं, खडे न ठेवता. नवरा म्हणाला, एक मोगरा लावू, चार मिरच्या लावू. मी गवंड्याला सांगून भिंतीपासून फाटकापर्यंत फरशी बसवून घेतली. एक चीरही मोकळी ठेवू दिली नाही. नवऱ्याने कारण विचारलं, मी म्हटलं, चिखल होतो. तो गेला तोवर त्याला खरं कारण कळलं नाही. वीस वर्षं त्या उन्हात मी पापड आणि कुरडया वाळवल्या.

ह्या पावसाळ्यात फरशीखालचा पाइप फुटला. प्लंबरने मधल्या फरश्या उखडल्या, पाइप बदलला आणि निघून गेला. खाली काळी माती निघाली. माझी मुलगी अंबडला एका कंपनीत इंजिनिअर आहे, माझ्याबरोबरच राहते. तिने फरशी परत बसवू दिली नाही. म्हणाली, आई, राहू दे, आपण भाजी लावू. मी म्हटलं, तुझं तू कर, मला त्यात ओढू नकोस. तिने फोनवर बघून बघून रोपं मागवली, कुंड्या आणल्या, आणि सगळ्या जिन्याखाली मांडल्या, तिथे त्या शोभून दिसतात म्हणून. तिथे ऊन सकाळी अर्धा तास येतं. रोपं उजेडाच्या दिशेने लांबली, पिवळी पडली, वाकली. ती रोज कामावरून आल्यावर आणखी पाणी घालायची. काय चुकतंय हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं. मी बारा दिवस तोंड उघडलं नाही. मला ती रोपं मरायला हवी होती. स्वतःच्या मुलीची रोपं, गुरुजी.

तेराव्या दिवशी ती कुंड्यांपुढे उकिडवी बसून रडकुंडीला आली होती. म्हणाली, माझ्या हाताला काही गुणच नाही बहुतेक. ते वाक्य मला सहन झालं नाही. मी पदर खोचला, बाहेर आले आणि म्हटलं, तुझ्या हाताला काही झालेलं नाही, ही जागा चुकीची आहे, आण ती रोपं उन्हात. मग थांबले नाही. उरलेल्या फरश्या तिच्याकडून काढून घेतल्या, माती उकरून चाळली, वाफे आखले, पाट काढला. हात आपोआप चालत होते. पंचेचाळीस वर्षं ज्यांना मातीत घातलं नव्हतं ते हात. ती बघतच राहिली. विचारलं, तुला हे कुठून येतं? मी तिथेच मातीत बसून तिला सगळं सांगितलं, तुमच्या खड्यांपासून बसस्टँडपर्यंत.

मला वाटलं होतं ती माझ्या बाजूने चिडेल. तिने हातांची माती झटकली. मग म्हणाली, "म्हणून तू मला कॉलनीच्या मैदानात खेळू द्यायची नाहीस? हाताला माती लागली की पट्टीने मारायचीस."

मी म्हटलं, तुझं गणित व्हायला हवं होतं.

ती म्हणाली, "आई, तू मला पहाटे पाचला उठवून गणितं घालायचीस. पहिलीपासून. मला शाळेत पोटात कळ यायची. मला चित्रं काढायची होती. तू एकदा तरी विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. तिला गणित चांगलं येतं, पगार चांगला आहे, मी सगळ्यांना अभिमानाने सांगते. ज्याला जे येतं त्याने ते करावं असं तुम्ही मला म्हणाला होतात, आणि मी माझ्या मुलीला तेही करू दिलं नाही. तुमच्यापासून इतकं पळाले आणि पळता पळता तिच्या अंगावर गेले. त्याचा दोष मी तुमच्यावर टाकणार नाही, तो माझा आहे. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, राहू दे आता, रोपांचं बघ. पण तुमच्यावरचा राग त्यामुळे कमी झाला असं समजू नका. वाढला. तुम्ही एका मुलीला वर्गाबाहेर काढलंत आणि तिच्यामुळे दुसरीचं लहानपण गेलं, आणि तुम्ही मात्र झाडं जगवणारा माणूस म्हणून गेलात. तुमच्या नावाने शाळेत एक वृक्ष लावलाय, असं गावातल्या कुणीतरी सांगितलं होतं. त्याला पाणी कोण घालतं, ते मी विचारलं नाही.

आज वांग्याला पहिलं फळ धरलं. मेथी दोनदा खुडून झाली. आम्ही दोघी संध्याकाळी तिथे खुर्च्या टाकून बसतो, ती कधीकधी कागद घेऊन वाफ्यांची चित्रं काढते. मला त्यातलं काही कळत नाही. मी चांगलं म्हणते. मग ती म्हणते, खोटं बोलू नकोस, आणि मी खरं सांगते की वांग्याचं पान तसं नसतं.

हे पत्र मी लिहून घडी करून मेथीच्या बियांच्या डब्यात ठेवणार आहे. तुमचा मुलगा नाशिकमध्येच कुठेतरी असतो असं कळतं, पण त्याला वाचायला द्यावं असं मला वाटत नाही, त्याने माझं काही केलेलं नाही. एक गोष्ट तेवढी लिहायची राहिली. परवा शेजारच्या बाई फाटकाशी थांबल्या. वाफे बघून म्हणाल्या, किती आखीवरेखीव केलंय हो, कुणाकडून शिकलात? मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, आईकडून.

ते खोटं आहे. आईने मला वाफा कधी शिकवला नाही, मी मातीला हात लावलेलाही तिला खपायचा नाही. सगळं तुमच्याकडून आलंय, पाट काढण्यापासून रोपाची मुळं दाबण्यापर्यंत. तुमचं नाव माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं, आणि त्या गेल्यावर मला थोडी लाज वाटली. थोडीच. उद्या पुन्हा कुणी विचारलं तर मी पुन्हा आईचंच नाव सांगणार आहे.